शेवंतीचे हरभरे

“बरी झालीस, की आधी शेवंतीला भिजवलेले हरभरे नेऊन दे हं, रेवती. बाकीचं सगळं नंतर.”

तात्याआजोबांचा तो आवाज रेवतीला अजून ऐकू येई. काजळी कोळी चावला तेव्हा तिचा हात टम्म सुजला होता, श्वास अडखळत होता. आजोबांच्या औषधाने ती वाचली. “नक्की देईन,” म्हणाली होती ती. मग शाळा आली, परीक्षा आली, आणि एक दिवस आजोबाच गेले. अश्वशाळेतल्या शेवंती घोडीचा आपल्या औषधाशी काय संबंध, हे विचारायचंही राहून गेलं.

औषधाची रिकामी कुपी मात्र आईने देव्हाऱ्यात ठेवली होती. रोज तिला हळदकुंकू, फूल, साखरेचा नैवेद्य.

अश्वशाळेतला यंत्रमानव चकोर आजोबांचा तिथे राहिलेला चष्मा परत द्यायला आला, तेव्हा ते पाहून थबकला.

“काच साखर खाते?”

“चेष्टा नको रे,” आई म्हणाली. “त्या बाटलीने माझं लेकरू वाचवलं.”

“बाटलीने नाही. शेवंतीने.”

“ते कसं?” रेवतीने विचारलं.

“तात्या तिला काजळी कोळ्याचं विष टोचायचे.”

“विष? तिला?”

“कणभर. तिला सोसेल इतकंच, आणि मग हळूहळू वाढवत. तिचं शरीर ते विष ओळखायला शिकलं. त्याने प्रतिपिंडे (विषाला घट्ट धरून निकामी करणारे सूक्ष्म कण) तयार केली. मग तिचं थोडं रक्त घेऊन त्यातल्या रक्तद्रवातून (रक्ताच्या पिवळसर, पातळ भागातून) ती वेगळी काढली आणि कुपीत भरली.”

“माझ्या शरीराने का नाही केली?”

“शिकायला वेळ लागतो गं. विष तेवढं थांबत नाही. म्हणून शेवंतीची उसनी घेतली. उसनं फार टिकतही नाही. पुन्हा चावला, तर पुन्हा औषध लागेल. पण आता आम्ही अश्वशाळेत यीस्टकडून (पाव फुगवणाऱ्या सूक्ष्म जीवांकडून) प्रतिपिंडे करून घ्यायला शिकतोय. जमलं, की कुठल्याच घोडीला टोचावं लागणार नाही.”

आई देव्हाऱ्याकडे बघत राहिली. “काचेला रोज नैवेद्य, आणि त्या मुक्या जिवाला मूठभर दाणे नाहीत!”

“शेवंती आहे ना अजून?” रेवतीने घाबरत विचारलं.

“आहे. पण म्हातारी झाली. दात पडलेत. हरभरे चाववत नाहीत तिला.”

संध्याकाळी रेवतीने हरभरे भिजत घातले. सकाळी ते खलात अगदी मऊ वाटून डब्यात भरले. आईने कुपीवर वाहायचं फूल डब्यावर ठेवलं.

“दूध तरी पिऊन जा गं.”

“आल्यावर,” रेवती हळूच म्हणाली, आणि डबा छातीशी धरून अश्वशाळेच्या वाटेला लागली.