पलंगाशेजारची कोरडी जागा

हे खरं आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडत नाही.

मी लाकडी फ्लोअरिंग बसवतो. बावीस वर्षं झाली. गेल्या मार्चमधला मंगळवार होता. भर दुपारचे दोन. माझ्या ताईच्या घरातली मागची खोली.

त्याच खोलीत ताईची सासू वारली होती. शेवटचं वर्षभर बिचारी पलंगावरच. पाणी हवं असलं की काठीनं जमिनीवर ठोकायची.

तीनदा.

ताई दिवसभर नोकरीवर. घरी फक्त आमचे भावजी. ठोकल्याचं ऐकू आलं की हे महाशय टीव्हीचा आवाज वाढवायचे. सख्खा मुलगा!

आता ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दीड महिना तिला याच खोलीत पडून राहायचं होतं. याच माणसाच्या भरवशावर.

"शनिवारी तिला घरी आणायचंय, आटपा लवकर," भावजी म्हणाले. "ते प्रायमर-बियमर कशाला? उगाच वेळ जातो."

पाजळली अक्कल! खालचा कोबा कोरडा असतो, वरच्या मालातलं पाणी शोषून घेतो. म्हणून आधी प्रायमर, मग जमीन सपाट करायचा पातळ माल. मी त्यांना धूप घातली नाही. प्रायमरचे दोन हात मारले, वाळू दिले आणि मगच माल ओतला. छान सपाट पसरला.

हात धुऊन आलो, तर...

पलंग असायचा त्या जागेशेजारी ताटलीएवढा खड्डा. ठणठणीत कोरडा. बाकी सगळी खोली ओली.

पुन्हा ओतला. डोळ्यांदेखत पाणी आत गेलं... आणि घोट घेतल्यासारखा आवाज आला.

"काम येत नाही तुम्हाला," दारातून भावजी. ज्याला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, तो मला शिकवणार!

तिसऱ्यांदा ओतल्यावर खड्डा भरला. शुक्रवारी, सगळं वाळल्यावर, फळ्या बसवल्या. खाली कुठे पोकळ राहिलंय का, ते मी हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघतो. नेहमीची सवय. त्या जागेवर ठोकलं. एकदाच.

खालून उत्तर आलं...

तीनदा.

भावजींनीही ऐकलं. तोंड पांढरंफटक पडलं. आणि या शूरवीरानं काय केलं असेल? बाहेर जाऊन टीव्ही लावला. मोठ्यानं.

शनिवारी ताई आली. तिला सांगायला हवं होतं.

आठ दिवसांनी तिचा फोन. "अरे, यांना झालंय तरी काय? मी हाकसुद्धा मारत नाही, तरी पाण्याचा ग्लास घेऊन धावत येतात. घामाघूम. म्हणतात, ऐकलं गं, ऐकलं!"

मी पोट धरून हसलो. बरी खोड मोडली, म्हटलं.

मग हसू आटलं.

कारण त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांच्या हॉलचं काम केलं होतं. तीन दिवस. म्हातारी तेव्हा जिवंत होती. ते ठोकणं मीही ऐकलं होतं. पाणी द्यायला मला दहा पावलंसुद्धा लागली नसती. मी कान झाकले आणि करवत चालू केली. भावजींना नावं ठेवायला मी मोठा!

परवापासून माझ्या घरात, पलंगाखालून...

मी पाणी नेऊन ठेवतो. ग्लास रिकामा होतो. ठोकणं थांबत नाही.