तिसरी खेप

सूचना-चिठ्ठी नुसती पाहिली तरी पाठवणारा कोण, हे मला कळतं. एकोणीस वर्षं रजिस्टर पत्रं वाटतोय. एका दिवशी गल्लीभर चिठ्ठ्या निघाल्या की बँक, एकाच दारी पुन्हा पुन्हा निघाल्या की वकील. दार बंद असलं की चिठ्ठी अडकवायची. तीन खेपा, मग पत्र परत.

मंगळवारी दुपारी जेवायला आलो, तर माझ्याच कडीला चिठ्ठी. पहिली खेप, दार बंद. अहो, या भागाचा पोस्टमन मीच! पाठवणाऱ्याच्या जागी फक्त ‘घर क्रमांक सत्तावीस’.

सत्तावीसमध्ये एक म्हातारी एकटी राहायची. तुम्हाला म्हणून सांगतो, बायकोलाही हे ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी तिला कोर्टाचं पत्र आलं. तिला दाराशी यायला वेळ लागायचा आणि मला घाई. तिची सही मीच ठोकली, पाकीट फटीतून सरकवलं. ते कपाटाखाली गेलं. तारीख चुकली, घर गेलं, महिन्याभरात तीही गेली.

बुधवारी दुसरी चिठ्ठी.

“मी दिवसभर घरीच होते,” बायको म्हणाली. “कुणी कडी वाजवली नाही हो.”

आठ वर्षांच्या लेकीला मी जवळ घेऊन बजावलं, “कुणी काही दिलं तर सही करायची नाही. दारही उघडायचं नाही.”

“बरं, बाबा.”

गुरुवारी पोस्टात गेल्या गेल्या कारकुनाला म्हणालो, “ते पत्र मला नको. नकार लिही, परत पाठव.”

त्याने वही चाळली. “असं पत्र आपल्याकडे आलंच नाही रे... थांब. पोचपावती मात्र आलीय.”

कार्डावरची शाई ओली होती. नाव लेकीचं. अक्षर माझं.

सायकल कशी हाणली, देव जाणे. बायको बाजारात गेलेली. दार सताड उघडं. लेक पलंगावर एकटीच बसली होती.

“तू... सही केलीस?”

“नाही बाबा. तुम्हीच केलीत ना?” ती गोंधळून म्हणाली. “आजी म्हणाल्या, बाबांनी तुझी सही केलीय, आता दार उघडलं तरी चालेल.”

“कुठली आजी?”

माझ्या मागे, दाराकडे बघत ती पलंगावर जराशी सरकली, आणि शेजारी बसायला जागा करून दिली.