मालकाशी बोलायचं नाही

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि वैजयंती मगदूमचं हे आजचं तिसरं घर होतं. तिसरं घर, तिसरा मजला, आणि लिफ्ट नाही. सांगलीत अशा इमारती आता मोजक्याच उरल्यात, पण त्या सगळ्या नेमक्या आपल्याच वाट्याला येतात, असं तिचं ठाम मत होतं. वय त्रेपन्न, पाठीवर सहा किलोची पेटी. वर पोचेपर्यंत गुडघ्यांनी चांगलीच कुरकुर केली. दारात एजंट दस्तगीर मुजावर उभा होता, इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू.

"आलासा मॅडम? दमलासा काय?"

"छे, नाचत आले," वैजयंती म्हणाली आणि पेटी दारातच टेकवली.

अकरा वर्षं दोघं एकमेकांबरोबर काम करत होते. कागदावर पाहिलं तर घर-तपासनीस नेमतो तो खरेदीदार. पण बंगळूरला बसलेल्या खरेदीदाराला सांगलीतला तपासनीस कुठून माहीत असणार? त्याला नंबर देतो एजंट. एखादा तपासनीस फारच सौदे मोडायला लागला, तर त्याचा नंबर हळूहळू कुणाला दिला जात नाही. हे दस्तगीरला माहीत होतं, वैजयंतीलाही माहीत होतं, आणि अकरा वर्षांत दोघांनी हा विषय एकदाही काढला नव्हता.

आजचं घर प्रभाकर आवटींचं, घेणारे बंगळूरचे. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी झालेली, वय बाहत्तर. त्यांची मुलगी शर्वरी कॉलेजात शिकवायची आणि तिची रत्नागिरीला बदली झाली होती. बापलेक दोघंच, म्हणून घर विकून एकत्रच तिकडं जायचं ठरलं होतं. वैजयंतीनं पेटीतून यंत्र काढलं तशी शर्वरी कुतूहलानं पुढं आली.

"हेच का ते नाक?"

यंत्राचं खरं नाव भित्तिगंधमापक. ते कंपनीच्या माणसांनाही एका दमात म्हणता येत नसे, म्हणून सगळा जिल्हा त्याला नाक म्हणायचा, आणि वैजयंतीला नाकवाली बाई. एवढी पदविका घेऊन शेवटी हे नाव पदरात पडलं, याचं तिला सुरुवातीला वाईट वाटायचं. आता तेवढाही उत्साह राहिला नव्हता.

"हेच. हे भिंतीला लावायचं. ते रुपयाएवढी जागा जराशी गरम करतं आणि गिलाव्यातून जे बाहेर येईल ते हुंगतं."

"भिंतीतून काय येणार?"

"लोणच्याची बरणी कितीही घासा, झाकण काढलं की वास येतोच ना? गिलावा तसाच असतो. माणूस झोपेत सात-आठ तास श्वास सोडतो. तो सगळाच खिडकीतून जात नाही, थोडा भिंतीत जिरतो."

"बापरे! म्हणजे आमचं सगळं गुपित भिंतीत?"

"चला ताई, चला," दस्तगीर मध्ये पडला. मालकाला घराबाहेर काढणं हे तपासणीच्या दिवशीचं एजंटचं पहिलं काम. "खाली कोपऱ्यावर भडंग झकास मिळतंय. तासाभरात मॅडमचं आवरतंय. आवटीसाहेब, तुम्ही पण उठा."

"मी एकदा खाली उतरलो की मला वर आणायला चार माणसं लागतील," आवटी गॅलरीतल्या खुर्चीतून म्हणाले. "मी इथंच बसतो. तोंड बंद ठेवीन."

दस्तगीरला ते आवडलं नाही. जाता जाता तो वैजयंतीजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "मालकाशी बोलायचं नाही, लक्षात हाय न्हवं?"

लक्षात नसायला काय झालं? करारातलं सातवं कलम ते. अहवाल खरेदीदाराचा, त्यात काय निघालं हे मालकाला कळता कामा नये. कलम मुळात शहाणपणाचंच होतं. पूर्वी तपासनिसानं सहज म्हणून ओल दाखवली, की मालक त्याच संध्याकाळी पुट्टी मारून मोकळे व्हायचे. पुराच्या गावात ओल लपवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नाकही त्यासाठीच आलं होतं, ओल आणि बुरशी हुंगायला. चार वर्षांपूर्वी कंपनीनं त्यात 'रहिवासी-खुणा' नावाचा नवा भाग घातला. घरात कुणी विड्या ओढायचं का, मांजर होतं का, दुखणाईत माणूस होतं का. खरेदीदारांना हे सगळं हवंच होतं. कलम मात्र जुनंच राहिलं.

वैजयंतीनं न्हाणीघराचा उतार पाहिला. स्वयंपाकघरात गळती नव्हती, हॉलचा खांब ठणठणीत. मग ती आतल्या मोठ्या खोलीत गेली. भरपूर उजेड, जुना सागवानी पलंग, उशाशी चष्म्याचं घर, गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली, कोपऱ्यात काठी. पलंगाच्या डोक्याशी तिनं भिंतीला नाक लावलं आणि तीन मिनिटं पलंगाच्या कडेला टेकली. तेवढीच पाठीला विश्रांती.

पडद्यावर लाल ओळ आली. 'फुप्फुस. गाठीची खूण, प्रारंभिक अवस्था. कालावधी मागील पाच ते सात महिने. शक्यता शंभरात ब्याऐंशी.'

तिनं हातभर बाजूला पुन्हा लावून पाहिलं. चौऱ्याऐंशी.

ओळीखाली कंपनीचा खरेदीदारासाठी ठरलेला सल्ला होता. 'खोली नव्याने रंगवून घ्यावी.'

अशा लाल ओळी तिनं चार वर्षांत पुष्कळ पाहिल्या होत्या. पहिल्यांदा तिनं घाबरून कंपनीला फोन केला होता. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली होती, "मॅडम, आपले ग्राहक खरेदीदार आहेत." नंतर वैजयंतीनं फोन करणं सोडून दिलं. अहवाल भरायचा, पेटी बंद करायची, मालकीणबाईंनी दिलेला चहा प्यायचा, छान झालाय म्हणायचं आणि निघायचं. चहा घशाखाली उतरायचा, हेच तिला स्वतःचं सगळ्यात जास्त खटकायचं.

ती बाहेर आली. आवटी गॅलरीत पेपर मांडीवर ठेवून बसले होते.

"काय म्हणतंय आमचं घर?"

प्रत्येक मालक हेच विचारतो, आणि प्रत्येकाला देण्याजोगं एक उत्तर तिच्या ओठांवर कायम असायचं: घर छान ठेवलंय तुम्ही. आज ते उत्तर येईना. धीर वगैरे काही नव्हता तो. ती नुसती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला खोटं बोलण्याचाही कंटाळा येतो. तिनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"काका, मी हे सांगायचं नसतं. पण तुम्ही उद्या छातीच्या डॉक्टरांकडं जा."

मग तिनं सगळं सांगितलं. गाठ, प्रारंभिक, ब्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी. यंत्र कधी कधी चुकतं, हेही सांगितलं. आवटींनी केमिस्टाला शोभेल असं शांतपणे ऐकून घेतलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट जरासं हसू आलं.

"बाहत्तर झाली की हो बाई. तक्रार कुणाकडं करायची? फक्त शर्वरीला आत्ता बोलू नका. नवी नोकरी, नवं गाव... तिचं बस्तान बसू दे, मग मी सांगेन. कुठल्या भिंतीत सापडलो मी?"

"आतल्या मोठ्या खोलीत. पलंगाच्या उशाशी."

आवटींचं हसू गेलं. पेपर मांडीवरून घसरला, तो त्यांनी उचलला नाही.

"ती खोली माझी नाही."

"अहो, तुमचा पलंग आहे तिथं. चष्मा, काठी..."

"पलंग माझाच. पंधरा दिवसांपूर्वी दस्तगीरनं हलवून घेतला. म्हणाला, व्हिडिओत मोठी खोली भरलेली दिसली पाहिजे, मोठा पलंग तिथंच शोभतोय." त्यांचा आवाज फाटला. "ती शर्वरीची खोली आहे. सहावीत असल्यापासून ती तिथंच झोपायची, या पंधरवड्यापर्यंत."

वैजयंतीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अकरा वर्षं ती एजंटांच्या करामती बघत आली होती. शेजाऱ्यांच्या कुंड्या आणून मांडतात, कळकट कपाट जिन्याखाली ढकलतात, खोल्यांची अदलाबदल करतात. आणि आज पहिल्यांदा तोंड उघडलं, तर इथं कोण झोपतं एवढंही तिनं आधी विचारलं नव्हतं.

जिन्यात हसण्याचा आवाज आला. शर्वरी भडंगाची पुडी घेऊन वर आली, मागोमाग दस्तगीर. तीन जिने चढूनही तिला धाप लागली नव्हती.

"बाबा, तुमच्यासाठी बिनलसणाचं आणलंय. झालं का हो तुमचं?"

आवटींनी वैजयंतीकडं पाहिलं. "तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मला नाही जमणार."

दस्तगीरला काय घडलंय ते एका नजरेत कळलं. त्यानं वैजयंतीला जिन्याजवळ बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"काय केलासा हे? बोललासा ना म्हाताऱ्याशी? अहो, परवाना जाईल तुमचा!"

"जाऊ दे. जिने तरी चढावे लागणार नाहीत."

"चेष्टा सुचतीया? बंगळूरवाले उद्या सही करणार हायत. मी काय सांगू त्यांना?"

"दस्तगीरभाई, पलंग तुम्ही हलवलात?"

"मीच. त्याचं काय आता?"

"लाल ओळ आलीय. फुप्फुसाची. मला वाटलं काकांची. ती त्या पोरीची आहे."

दस्तगीरनं जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाला, "जावा. सांगून या. मी थांबतो खाली."

शर्वरीला आधी हसूच आलं. "मला? अहो, मी रोज पोहायला जाते." मग तिनं वडिलांकडं पाहिलं आणि भडंगाची पुडी टेबलावर ठेवून दिली. वैजयंतीनं तिला पडदा दाखवला, वाचून दाखवला, फार लवकर कळलंय आणि म्हणूनच उपाय आहे, हे दोन-तीनदा सांगितलं. शर्वरी त्या लाल ओळीवरून बोट फिरवत राहिली. बोट खालच्या ओळीवर येऊन थांबलं.

"हे तुम्ही त्या बंगळूरच्या लोकांना पाठवणार होतात?"

"हो."

"आणि मला नाही."

"नाही."

"त्यांनी काय केलं असतं याचं? खोली रंगवून घेतली असती?"

वैजयंतीनं होकारार्थी मान हलवली. लाज वाटत होती आणि ती लपवायचं त्राण नव्हतं.

"उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टर," ती म्हणाली आणि लाल ओळ उतरवून घेतलेला कागद तिच्या हातात दिला. "हा बरोबर ठेवा. माझा नंबर लिहिलाय, कुणी विचारलं तर मी येऊन सांगेन."

आवटी उठले होते. ज्यांना जिना चढवायला चार माणसं लागायची, ते भिंतीला धरून मुलीपर्यंत चालत आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. वैजयंतीनं दार हलकेच लावून घेतलं.

खाली दस्तगीर तिच्या गाडीला टेकून उभा होता. सौदा, सही, बंगळूर, काहीतरी तो बोलेल म्हणून तिनं मनाची तयारी केली होती. तो बोलला ते भलतंच होतं.

"माझं मिरजेचं घर विकलं तवा नाक तुम्हीच लावलं होतंत."

"हो. दोन वर्षं झाली."

"त्यानंतर आठ महिन्यांनी जुबेदाचं दुखणं कळलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. वैजयंती जुबेदाच्या मयतीला गेली होती, मागच्या उन्हाळ्यात. दस्तगीर त्या दिवशी सगळ्यांना पाणी देत फिरत होता. "त्या दिवशी काम झाल्यावर तुम्ही म्हणालात, दस्तगीरभाई, एक मिनिट. आठवतंय?"

"नाही."

"मला आठवतंय. मी हसलो. म्हणालो, मॅडम, आज मी एजंट न्हाई, मालक हाय. मालकाशी बोलायचं नाही." तो तिच्याकडं बघत राहिला. "काय सांगणार होतासा?"

वैजयंतीनं आठवून पाहिलं, खरंच मनापासून. त्या दिवशी किती घरं झाली होती, दोन की तीन? दस्तगीरच्या घरातला निळा रंग आठवला, जुबेदानं दिलेला आल्याचा चहा आठवला. बाकी काही नाही. नळ गळत असेल. वायरिंग जुनं असेल. नाहीतर लाल ओळ असेल, आणि तिनं ती निमूट लिहून पाठवली असेल.

"खरंच आठवत नाही हो," ती म्हणाली. "पण यंत्रात सगळ्या घरांच्या नोंदी राहतात. तुमचीही असेल."

तिनं पेटी गाडीच्या सीटवर ठेवली, झाकण उघडलं आणि पडदा चालू केला. चार वर्षांतली घरं एकाखाली एक येत गेली, विश्रामबाग, कुपवाड, मिरज, प्रत्येक नावाशेजारी मालकाचा फोन नंबर. मुजावर या नावावर तिचं बोट थांबलं.

"दस्तगीरभाई," तिनं विचारलं, "उघडू का?"