रुमालाखाली धरलेलं बोट

आमचे आप्पा घोडेगावच्या बाजारात म्हशींचे दलाल. मी पूजा, त्यांची थोरली. युरोपात जमिनीखाली प्रोटॉनांच्या टकरी घडवतात, त्यांच्या नोंदी तपासते. एका जड कणाची आणखी एक उत्तेजित अवस्था असणार, असं सहा वर्षं मी सांगत होते आणि लोक माझी कीव करत होते. त्या शुक्रवारी मी सुट्टीवर गावी होते आणि दुपारी तीनला निकाल होता. आलेखात त्या अवस्थेचा उंचवटा नसला तर माझी जागा जाणार होती.

"बघून टाक की मग," आप्पा म्हणाले.

"आलेखाचा मधला भाग झाकलेला असतो. आधी बघितलं की माणसाला हवं तेच दिसतं. शेवटी सगळ्यांसमोर उघडायचा."

"म्हंजी आमचा रुमालच हाय."

बाजारात सौदा रुमालाखाली होतो. समोरच्याची जितकी बोटं धरली, तितका आकडा. पाचाच्या वर असेल तर आधी अख्खा पंजा धरायचा, सोडायचा, मग उरलेली बोटं धरायची. हे मला पाचवीपासून येतं.

अकरा वाजता मी त्यांच्याशेजारी बाजारात बसले होते. ऊन, धूळ, शेणाचा वास. माझं कशातच लक्ष नव्हतं. आप्पांनी माझ्या हातावर रुमाल टाकला.

सहा. चार. एक. सात.

"कसला भाव हा, आप्पा?"

तोवर ते सुटलेल्या रेडकामागे धावले होते. सवयीने मी आकडा मोबाईलमध्ये टिपला. सात इतकं घट्ट धरलं होतं की हात ठणकत होता.

तीनला घरी, लॅपटॉपवर, आलेख उघडला. मधोमध उंचवटा उभा होता, कुणालाही नाकारता येणार नाही असा. वस्तुमान सहा हजार चारशे सतरा. पडद्यावर माझे सगळे सहकारी उठून टाळ्या वाजवत होते. मी ढसाढसा रडले. सहा वर्षांचं सगळं वसूल झालं. आप्पांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले. "पोरीनं नवा कण धरला," ज्याला त्याला सांगत होते.

ते परतल्यावर मी विचारलं, "तुम्हाला आकडा कसा कळला?"

"कुठला आकडा?"

"सकाळचा. रुमालाखाली दिलात तो."

"म्या न्हाई दिला, पोरी. तुजा हात बर्फावानी गार पडला हुता. नुसता धरून बसलो हुतो."

मी मोबाईल दाखवला. त्यांनी आकडा दोनदा वाचला.

"सात कसं धरलं, दाव."

मी त्यांचा पंजा धरला. सोडला. दोन बोटं धरायला गेले आणि थांबले.

सकाळी मधे कुणी हात सोडलाच नव्हता. सातही बोटं एकाच मुठीत धरली होती.

मी माझी बोटं मोजली. पाच.

सकाळपासूनचा ठणका त्यातल्या एकातही नव्हता. करंगळीच्या पलीकडे, सातव्या बोटात होता.