फळीपलीकडचा ठोका

मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. वारे, प्रवाह, भरती-ओहोटी, सगळं फळ्यावर. स्वतः मात्र कधी होडीत पाय ठेवला नाही. आणि निवृत्त झाल्यावर या माणसाने मनात घेतलं काय, तर शिडाची नाव घ्यायची!

"बायको म्हणते, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही," ते हसत सांगत होते. "म्हटलं, असू दे. पण बुडायचंच असेल तर तपासून बुडू. म्हणून तुम्हाला बोलावलं, ताई."

ताई म्हणजे ठकी. जुन्या लाकडी नावा घेण्याआधी लोक तिला बोलावत. लाकडी हातोडी, टोचून बघायची एक आर आणि स्वतःचे कान, एवढ्यावर ती नावेची कुंडली मांडायची. फळी ठणठणीत वाजली तर लाकूड चांगलं, भदभद वाजली तर आतून कुजलेलं. लहानपणापासून ठकठक करत फिरायची म्हणून थोरल्या भावाने तिला ठकी नाव ठेवलं, आणि बारशाचं नाव सगळे विसरून गेले.

नाव होड्यांच्या आवारात लाकडी टेकूंवर उभी होती. रंग ताजा, पितळ घासलेलं. शेजारी मालक उभा होता. पेशाने वकील, पांढरा शर्ट, मऊ हात, नीट कापलेली नखं, तोंडात साखर. त्याने ठकीला नमस्कार केला. ओळखलं मात्र नाही.

ठकीने त्याला ओळखलं. त्याचं तोंड ती कशी विसरेल?

ही नाव दादाने बांधली होती. लाकूड वकिलाचं, हात दादाचे, मालकी दोघांची. एका दुपारी दोघं नाव घेऊन गेले आणि वकील एकटाच परत आला. वारा उठला, लाट आली, तो वर उभा होता, गेला, मला आवाजसुद्धा आला नाही, असं त्याने चौकशीत सांगितलं. सांगताना असा काही रडला म्हणे, की चौकशी करणाऱ्यांनीच त्याला पाणी दिलं. ठकी तेव्हा बाळंतपणात होती. ती उठून उभी राहीपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादा काही सापडला नाही.

पण कमरेला दोर बांधल्याशिवाय दादा कधी नावेच्या काठाशी जात नसे. बापाने दोघांना ते चापट्या मारून शिकवलं होतं. हे कुणी विचारलं नाही, आणि वकिलाने सांगितलं नाही. तेव्हापासून ठकीला एकच गोष्ट हवी होती. या माणसाचं साखरेचं तोंड एकदा भीतीने पांढरंफटक पडलेलं बघायचं होतं. मास्तरांनी फोनवर कोणती नाव ते सांगितलं, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती 'येते' म्हणाली होती.

तिचा बेत साधा होता. सगळ्या आवारासमोर नाव नापास करायची. कुणी फुकट विचारता कामा नये. सडू दे त्याच्या गळ्यात.

तिने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, ठोकायला सुरुवात केली. पहिल्या फळ्या बऱ्या निघाल्या. मधल्या भागात आली आणि आवाज बदलला. भद. तिने आर टोचली. रंगाखाली आर अशी शिरली, जशी सुरी लोण्यात. वा रे वकील! वरून कीर्तन, आतून तमाशा.

तिने खात्रीसाठी पुन्हा एकदा ठोकलं.

आतून कुणीतरी ठोका दिला. एकच.

ठकीचा हात तिथेच थांबला. बापाची रीत होती ती. एकाने बाहेरून ठोकायचं, दुसऱ्याने आत बसून फळीला तळवा लावायचा आणि उत्तर द्यायचं. बाहेरून रंग फसवतो, आतून ओल फसवते. दोघांनी मिळून ठरवायचं. आतून एक ठोका म्हणजे राहू दे. दोन म्हणजे काढून टाक. दादा बाहेर, ठकी आत, कधी उलट. त्या घराबाहेर ही रीत कुणाला ठाऊक नव्हती.

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

"कोण असणार?" वकील म्हणाला. "कुलूप आहे. किल्ली ही माझ्या हातात."

मास्तर तिच्या मागेच उभे होते. ठकीने पुढच्या फळीवर ठोकलं. ही तर आणखी कुजलेली. आतून पुन्हा एक ठोका. मग पुढची, मग तिच्या पुढची. जिथे हात घातला तर भुसा निघावा, तिथेही आतून शांतपणे तेच उत्तर येत होतं. राहू दे.

"छान आवाज येतोय नाही?" मास्तर म्हणाले. "एकाचे दोन ऐकू येतात."

वकील रुमालाने मान पुसत राहिला.

तिने किल्ली मागून घेतली, शिडी चढली आणि केबिनची झडप उघडली. आत बंद हवा, जुनं तेल, धुळीचा जाड थर. धुळीवर एकही पाऊल नव्हतं. तिने फळीला आतून तळवा लावला. नाव पाण्याबाहेर काढून वर्षं लोटली होती, आणि फळी ओली होती. नुसती ओली नाही. कुणीतरी आत्ताच हात उचलावा तशी, एका जागी कोमट.

ठकी तिथे बसून रडली. आवाज न करता, पदर तोंडात धरून. मग तिने डोळे पुसले आणि विचार केला. दादा आयुष्यात कधी खोटा ठोका देत नसे. आज देतोय. कुजलेली फळी राहू दे म्हणतोय. म्हणजे त्याला ही नाव पाण्यात हवी आहे.

आवाराचा एक जुना नियम होता आणि तो कुणी मोडत नसे. नाव पास झाली की पहिली फेरी विकणाऱ्याने सुकाणू धरून मारायची, आणि पास करणाऱ्याने सोबत बसायचं. खोटं बोलणाऱ्याने आपल्या जिवावर बोलावं, म्हणून.

ती खाली उतरली. "नाव चांगली आहे," म्हणाली.

वकिलाने एवढा मोठा श्वास सोडला की मास्तरसुद्धा वळून बघायला लागले. "मग फेरीचं राहू द्या ना," तो म्हणाला. "मी हल्ली पाण्यावर जात नाही. चक्कर येते."

"फेरीशिवाय मी नाही घेणार बुवा," मास्तर म्हणाले. "मीपण येतो!"

"तुम्ही धक्क्यावर थांबायचं," ठकी इतक्या जोरात ओरडली की ते दचकले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "घेणारा नंतर चढतो, मास्तर. ऐका माझं."

वकील बराच वेळ नावेकडे बघत होता. त्याला ती कुणाच्या तरी गळ्यात मारून मोकळं व्हायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शेवटी तो तयार झाला.

नाव पाण्यात उतरली. ठकी केबिनच्या दारात बसली, हातोडी मांडीवर. पाण्याचा एक थेंबही आत आला नाही. मऊ वारा होता, शीड भरलं, धक्क्यावरचे मास्तर हात हलवत लहान होत गेले. वकिलाला जरा धीर आला. "बघा," तो म्हणाला, "उगाच लोक नावं ठेवतात हिला."

खाडीचं तोंड मागे पडलं, आणि नाळेखाली ठोका पडला.

"काय लागलं तळाला?"

"इथे तळ खूप खोल आहे," ठकी म्हणाली.

या वेळी ठोका बाहेरून होता. पाण्याखालून. तो उत्तर देत नव्हता, विचारत होता. ठकी आत होती. तिने हातोडी उचलली आणि फळीवर एकदा मारली. राहू दे.

ठोका पुढच्या फळीवर सरकला. तिने पुन्हा एकदा मारलं. मग तिच्या पुढच्या फळीवर. सावकाश, एकही फळी न वगळता, हातचं काम जाणणाऱ्या माणसासारखा तो मागे मागे येत होता.

"थांबवा ते!" वकील म्हणाला. "त्या दिवशीपण असंच..."

"कसंच?"

"दोर मी सोडला नव्हता. सुटला. तो पाण्यात पडला आणि... ठोकत होता. बाहेरून."

"आणि तुम्ही?"

"मी झडप लावून घेतली. आमचं भांडण झालं होतं. वाटलं, थोड्या वेळाने थांबेल."

"थांबला?"

"बऱ्याच वेळाने," वकील म्हणाला. मग त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"त्याची धाकटी."

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. इतकी वर्षं तिला हवं होतं तसं, अगदी तसंच. ठकीला वाटलं होतं, हे बघितलं की पोट भरेल. पोट भरलं नाही.

ठोका वकिलाच्या बाकाखाली आला. एकदा वाजला.

थांबला.

"बाई," वकील म्हणाला. त्याला रीत कळली होती की नाही, देव जाणे. "एकदाच मारा. तुमच्या पाया पडतो."

ठकीने हातोडी उचलली. तिला घाई नव्हती.

एक.

दोन.

ओरडणं नाही, शिंतोडा नाही. बाक रिकामा होता. सुकाणू अजून हलत होतं.

तिने ते धरलं आणि नाव फिरवली.

धक्क्यावर मास्तरांनी दोर झेलला. "वाऱ्यासारखी येते हो! आणि वकीलसाहेब कुठायत? आत?"

ठकीने सुकाणू सोडलं. ती धक्क्यावर चढली. तिच्यामागे नाव धक्क्याच्या बाजूला हळूच कलली, काठावर कुणी पाय ठेवल्यावर कलते तशी.

दादा, तिला वाटलं. आला. सुटला एकदाचा. तिचे डोळे भरून आले. तिने वाकून हात पुढे केला.

गार, ओली बोटं तिच्या मनगटाभोवती मिटली.

दादाचे हात रंध्याने सोललेले, खरखरीत. ही बोटं मऊ होती. नखं नीट कापलेली.

"ताई," मास्तर म्हणाले, "कुणाला हात देताय?"

तिने हात मागे घ्यायला पाहिलं.

तो सुटला नाही.