गेरूचा थर

मास्तरांची कार्यशाळा म्हणजे निम्मी शिकवणी, निम्मं नाटक. त्या सकाळी गॅलरीच्या मागच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या मुलीलाच टेबलावर आडवं केलं, तिच्या चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडलं आणि नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवून वर प्लास्टर ओतलं. "घरात हिचं तोंड मिटत नाही, म्हणून इथे मिटवून घेतोय," ते म्हणाले. शिकायला आलेली सगळी मंडळी हसली. एका जागी कधी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. त्या भिंगरीला मात्र हसताही येईना.

पहिल्या पातळ थरात गेरू कालवायचा, हा त्यांचा पहिला धडा. साचा निघाला की नाकाची भोकं मातीने बुजवायची, आत पुन्हा प्लास्टर भरायचं आणि ते सुकल्यावर बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. तांबडं दिसलं की हात आखडता घ्यायचा, कारण त्याच्याच खाली चेहरा असतो.

संध्याकाळी प्रदर्शन उघडणार होतं आणि मधल्या चौथऱ्यावर हाच चेहरा ठेवायचा होता. जेवणं उरकल्यावर मास्तरांनी छिन्नी लावली. गालावरचा कपचा उडाला, आरपार पांढरा. मास्तरांनी तो उलटून पाहिला. बोलण्याच्या नादात गेरू घालायचाच राहिला की काय? पण गेरूची वाटी तर चाटूनपुसून रिकामी होती.

"आई गं!" बाहेरच्या दालनातून भिंगरी ओरडली आणि गाल धरून आत आली. बोटांच्या फटीतून लाल ओघळ उतरत होते.

"काय लागलं?"

"काहीच नाही हो बाबा... नुसती तसबीर सरळ करत होते."

शिकणाऱ्यांत एक नर्सबाई होत्या. त्यांनी गालावर कापूस दाबून धरला. मास्तरांनी अस्वस्थपणे आणखी एक घाव घातला, हनुवटीजवळ. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भिंगरीची हनुवटी उभी फाटली.

मास्तरांनी छिन्नी फेकून दिली. "आता याला कुणी हात लावायचा नाही!"

तेवढ्यात भिंगरीने गळा धरला. तिचे ओठ घट्ट मिटले होते, नाकपुड्या आत ओढल्या गेल्या होत्या आणि चेहरा काळानिळा पडत चालला होता. नर्सबाई तिचे दात उघडायला धडपडत होत्या, पण जबडा हलेना.

"मास्तर... ती श्वास घेत नाहीये!"

मास्तरांची नजर साच्याकडे गेली. नाकाची ती दोन भोकं त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने बुजवली होती. फोडावं तर पोरगी फुटणार, न फोडावं तर घुसमटून जाणार. बापाचं काळीज, दुसरं काय करणार! त्यांनी हातोडा उचलला, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून घाव घातला.

साच्याच्या ठिकऱ्या उडाल्या. भिंगरी धाडकन जमिनीवर कोसळली. कपाळापासून गळ्यापर्यंत तिला एक रुंद भेग पडली होती, पण तिची छाती वरखाली होऊ लागली.

"आहे... श्वास आहे!" नर्सबाई म्हणाल्या. मास्तर तिच्याजवळ बसून ढसाढसा रडले. समोर टेबलावर साचा आतून पोकळ होता. त्यांनी स्वतः भरलेलं प्लास्टर त्यात कुठेच नव्हतं.

नर्सबाईंनी गालावरचा कापूस उचलला, बोटांत चुरून पाहिला आणि त्या मागे सरकल्या.

"मास्तर... हे रक्त नाहीये."

कापसावर कोरडी, तांबडी भुकटी होती. भेगेच्या तळाशी गुळगुळीत, विटकरी, सारखा थर दिसत होता. सकाळचा धडा सगळ्यांच्या लक्षात होता.

भिंगरीचे ओठ मिटलेलेच होते. तरी त्या तांबड्याच्या खालून, अगदी हळू, तिचाच आवाज आला.

"बाबा... थांबलात का? फोडा ना... अजून कोंडतंय."

मास्तरांचा हात जमिनीवर छिन्नी चाचपडू लागला.