लिफ्टमध्ये कोणी नव्हतं

"दुभाषीला खोलीत कोंडलंय, अक्का. दुपारी पोलीस येतील," अर्थमंत्री म्हणाले. हॉटेलची गुबगुबीत खुर्ची त्यांना गिळायला बसल्यासारखी दिसत होती.

अक्का बसल्या नाहीत. लोकांची बिंगं फोडण्यात त्यांची हयात गेली होती. मागे त्यांचे जावईबापू पिशवी धरून उभे होते. मनाने सोन्यासारखे आणि डोक्याने जरा सावकाश.

"नीट सांगा. मंत्री असाल तुमच्या घरी."

मंत्र्यांनी सांगितलं. देशाची तिजोरी खडखडीत. नवं कर्ज मिळालं नाही तर दवाखान्यात औषध नाही, गाड्यांना तेल नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेचा मुख्य अधिकारी मदतनीस घेऊन वाटाघाटीला आलेला. उंच म्हणून सगळे त्याला लंबूसाहेब म्हणत, तेही त्याच्या तोंडावर. त्याला इथली भाषा येत नव्हती. त्याची अट होती, म्हाताऱ्यांच्या पेन्शनी तिसऱ्या हिश्श्याने कापा.

"आम्ही वरून नाही म्हणत होतो. आतून ठरवलं होतं, फार तर पाचवा हिस्सा, आणि विधवांना हात लावायचा नाही. आज सकाळी लंबूने हेच जसंच्या तसं पुढे ठेवलं. विधवांच्या सवलतीसकट! आता हलायला तयार नाही."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

"मी, सचिव आणि दुभाषी. वरच्या खोलीत ठरलं. खोली तपासलेली. कागदावर टिंबसुद्धा नाही."

"खाली कसे आलात?"

"लिफ्टने. मी आणि सचिव. लिफ्टमध्ये कोणी नव्हतं, म्हणून आकडा पुन्हा एकदा बोलून पक्का केला."

अक्कांनी जावयाकडे मान वळवली. "तुम्ही बैठकीच्या दालनात जाऊन बसा. डोळे उघडे, तोंड बंद. उलटं करू नका."

सचिवाने फार वेळ घेतला नाही. "तीच. पैसे घेतले असतील. दुसरं कोण?"

"तुम्ही आहात की."

सचिवाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

दुभाषी खिडकीशी उभी होती. रडून डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"माझे बाबा पेन्शनवर जगतात, अक्का. बापाच्या तोंडचा घास मी विकेन?"

"विकणारे विकतात गं. खाली कशी आलीस?"

"जिन्याने. लिफ्ट भरली होती. इथली लिफ्ट केवढीशी, चौघांची."

अक्कांनी मान डोलावली. तिच्या गालावरून हात फिरवला.

बाहेर जावईबापू उत्साहाने उभेच होते. "लंबूसाहेबाचे हात फार नाजूक हो! चहा आला. त्याने कप धरायला हात पुढे केला, तोच सचिव आपल्या भाषेत शेजाऱ्याला म्हणाले, जपून, कपाच्या कानाचा चटका बसतोय. तर याने न शिवताच हात मागे घेतला."

"न शिवता?"

"न शिवता."

"जावईबापू, आज मुलीला तुमच्या घरी दिल्याचं सार्थक झालं!"

कसलं सार्थक, ते त्यांना कळलं नाही. अक्का मंत्री-सचिवांच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. मग मंत्र्यांना पुढे घालून, सचिवाला दंडाला धरून चालवत त्या लिफ्टपाशी गेल्या. जेवायला वर निघालेला लंबूसाहेब तिथे आलाच. चौघं आत शिरली.

"तुम्ही जिन्याने या," अक्का जावयाला म्हणाल्या. "लिफ्ट भरली."

जेवणानंतर लंबूसाहेब सचिवामार्फत बोलला. त्याने घसा खाकरला. पेन्शनींत दहाव्या हिश्श्याची कपात चालेल. विधवा वगळू, आणि वीज खात्याचे लाइनमनही.

मंत्र्यांच्या हातातलं पेन गळून पडलं. सह्यांचे कागद तयार होईपर्यंत अक्कांनी आपल्या माणसांना शेजारच्या खोलीत नेलं. दुभाषीलाही बोलावलं.

"लाइनमन आले कुठून?" जावईबापूंनी विचारलं.

"माझ्या डोक्यातून. लिफ्टमध्ये मंत्री सचिवांना आपल्या भाषेत म्हणाले, दहाव्याच्या वर मागितलं तर उठायचं, दुसरं कर्ज ठरलंय, आणि लाइनमनना धक्का नको. तेव्हा ही पोर कुलपात होती. सचिवांचा दंड जेवण होईपर्यंत माझ्या मुठीत होता. मग लंबूला सांगितलं कोणी?"

अक्कांनी दोन बोटं वर केली.

"मंत्री म्हणतात, आम्ही दोघंच. ही म्हणते, चौघांची लिफ्ट भरली होती. मग उरलेले दोघं कोण?"

मंत्र्यांचा चेहरा उतरला. "लंबू... आणि त्याचा मदतनीस."

"त्यांना माणसांत धरलंच नाहीत तुम्ही! भाषा येत नाही म्हणजे कपाटच की. तोंडावर लंबू म्हणायचं, शेजारी उभं राहून घरचं बोलायचं. कप न शिवता ज्याचा हात मागे येतो, त्याला चटका कानातून बसलेला असतो. फोडलंत तुम्ही दोघांनी, आणि कोंडलंत हिला."

मंत्री उठले आणि दुभाषीपुढे त्यांनी हात जोडले. सचिवाला स्वतःचे बूट फारच बघण्यासारखे वाटू लागले.

"सही होईपर्यंत तोंडाला कुलूप," अक्का म्हणाल्या.

सह्या झाल्या. दुभाषी आपल्या जागेवर बसली होती. लंबूसाहेब हस्तांदोलन करून दाराशी पोचला.

"अहो साहेब," अक्का मागून साध्या घरच्या भाषेत म्हणाल्या, "चष्मा राहिला की तुमचा!"

लंबूसाहेबाचा हात झटकन खिशावर गेला. तो वळला. चष्मा खिशातच होता.

सवयीने त्याने दुभाषीकडे पाहिलं, अर्थ विचारल्यासारखं.

ती शांतपणे कागद आवरत म्हणाली, "मी कशाला सांगू? कळलं की तुम्हाला."